हक्काचे काम: हदगाव तालुका आणि रोजगार हमी

हदगाव हा नांदेड जिल्ह्यातील पैनगंगेकाठचा तालुका. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड आणि त्यामागे पुसद, पश्चिमेला हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी. हिमायतनगरचा भागही पूर्वी याच तालुक्यात होता, पुढे तो वेगळा तालुका झाला. तामसा, मनाठा, निवघा ही इथली मोठी बाजाराची गावे. जमीन काळी, भारी. पीक मुख्यतः कापसाचे आणि ज्वारीचे, सोबत तूर; गेल्या काही दशकांत सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली, आणि कालव्याचे पाणी आले तिथे ऊस, केळी व हळद वाढली. बीड-धाराशिवकडच्या मराठवाड्याशी तुलना केली तर पाऊस इकडे बरा पडतो. म्हणूनच रोजगाराच्या इतिहासासाठी हा तालुका महत्त्वाचा ठरतो. इथल्या मजुराची अडचण दुष्काळापुरती कधीच नव्हती. चांगल्या पावसाच्या वर्षीही वर्षाचे चार-पाच महिने हाताला काम नसणे, ही ती अडचण होती.

कोरडवाहू कापसाच्या मुलखात कामाचे वर्ष मृगात सुरू होते. पेरणी, मग निंदणी-खुरपणी, डवरणी. पोळ्यानंतर थोडी उसंत. दसरा-दिवाळीपासून कापसाची वेचणी आणि पाठोपाठ ज्वारीची सुगी. कापसाची उलंगवाडी झाली की शेतातले काम संपते. होळीपासून पुढच्या मृगापर्यंत भूमिहीन घराला रोजाचे काम क्वचितच मिळते, आणि नेमक्या याच महिन्यांत घरातले धान्य तळाला गेलेले असते, लग्नसराई असते, पाण्याची ओढ असते. ही पोकळी भरून काढण्यासाठी गावाने शोधलेल्या दोन जुन्या वाटा होत्या. एक सालदारीची: पाडव्याला ठरणारा सालगडी वर्षभर एकाच मालकाकडे राबायचा, आगाऊ घेतलेल्या पैशाने आणि धान्याने बांधलेला. दुसरी वाट गाव सोडण्याची. दोन्हींत मजुराला कामाचा दर ठरवता येत नसे. आज कुठे राबायचे आणि उद्या नकार द्यायचा की नाही, हेही त्याच्या हाती नसे.

सरकारने काम काढून लोकांना जगवायचे ही कल्पना मात्र जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पैनगंगा ही दोन राज्यव्यवस्थांची सीमा होती. दक्षिण काठ निजामाच्या हैदराबाद संस्थानात, उत्तर काठ इंग्रजांच्या कारभाराखालील वऱ्हाडात. १८७६ ते १८७८ मध्ये मोठा दुष्काळ पडला, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळाने दोन्ही काठ होरपळले. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रजी प्रांतांत दुष्काळ संहिता तयार झाल्या आणि त्यांतून एक पक्का नियम रुजला: टंचाई जाहीर झाल्यावर खडी फोडण्याची, रस्त्याची, तलावाची कामे काढायची, मजुरी जेमतेम पोटापुरती ठेवायची, म्हणजे खरोखर नडलेलाच माणूस कामावर येईल. काम ही मदत होती आणि गरजेची परीक्षाही. टंचाई आहे की नाही हे सरकार ठरवणार, काम कधी काढायचे आणि कधी बंद करायचे हेही सरकारच ठरवणार. उपाशी माणसाच्या मागणीला या रचनेत जागा नव्हती. स्वातंत्र्यानंतरही टंचाई निवारणाचे नियम बराच काळ याच मुशीतले राहिले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात सामील झाला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या आणि हदगावसारख्या तालुक्याला विकासकामाची स्वतःची यंत्रणा प्रथमच मिळाली. उद्योगांतून मोठा रोजगार उभा राहील ही आशा त्या काळी होती. नांदेड शहरात निजामकाळापासून उस्मानशाही कापडगिरणी होती आणि तालुक्यांच्या ठिकाणी सरकी काढण्याचे कारखाने होते. पण गिरणीने जिल्ह्याच्या लोकसंख्येतला अगदी छोटा हिस्सा सामावून घेतला आणि पुढे तीही बंद पडली. मराठवाड्यात शेतमजुरांच्या कामाचा प्रश्न कारखान्यांनी सुटणार नाही, हे १९६० च्या दशकातच दिसू लागले होते.

याच दशकात रोजगार हमीची कल्पना आकाराला आली, तीही मराठवाड्यापासून दूर. विठ्ठल सखाराम पागे हे सांगली जिल्ह्यातले गांधीवादी कार्यकर्ते; १९६० पासून १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. खेड्यात जो काम मागेल त्याला काम देण्याची जबाबदारी सरकारने घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात या कल्पनेची प्रायोगिक चाचणी झाली. तिथल्या अनुभवावरून एक गोष्ट लक्षात आली, जी तोवर सरकारी हिशेबात बसत नव्हती. सरकारने कामाची हमी दिली म्हणून सारे गाव कामावर लोटत नाही. ज्यांना दुसरे काम नाही तेच येतात, आणि त्यांची संख्या सरकारला पेलण्याजोगी असते. १९६९ पासून एकात्मिक क्षेत्रविकासाच्या कार्यक्रमात याच धर्तीचा विचार सुरू राहिला. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरच्या आपल्या प्रसिद्ध अभ्यासात ग्रामीण भागात मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक कामे काढण्याची शिफारस केली, तेव्हा महाराष्ट्रात त्या दिशेने पावले पडलेलीच होती. १ मे १९७२ रोजी राज्याच्या पंधरा कलमी कार्यक्रमाचा भाग म्हणून रोजगार हमी योजना सुरू झाली. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, हदगावच्या नदीपलीकडचे, पुसद तालुक्यातील गहुलीचे.

योजना सुरू झाली आणि त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी सोसला, त्या पिढीच्या बोलण्यात आजही तीन गोष्टी हटकून येतात: मिलो, सुखडी आणि खडी. मिलो म्हणजे रेशनवर मिळणारी परदेशी लाल ज्वारी. सुखडी म्हणजे कामाच्या ठिकाणी वाटला जाणारा पौष्टिक खाऊ. आणि खडी म्हणजे टंचाईच्या कामावर दिवसभर फोडायचा दगड. नव्या योजनेचा गाडा बाजूला ठेवून सरकारने नेहमीच्या टंचाई कामांचा आधार घेतला. मे १९७३ मध्ये राज्यभर या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. इतक्या मोठ्या दुष्काळात मोठा मनुष्यसंहार टळला, यामागे ही कामे आणि त्यांतून हाती आलेली रोख मजुरी हे मुख्य कारण होते. त्याआधीच्या शतकात असा दुष्काळ पडला की माणसे किडामुंगीसारखी मेली होती. मिलोची चव कडू होती, पण तिच्यामुळे घरे जगली, आणि ही गोष्ट ठळकपणे नोंदवायला हवी.

टंचाईच्या कामांनी दोन धडे शिकवले. पहिला असा की खेड्यातली लाखो माणसे, त्यांत मोठ्या संख्येने बाया, कडक उन्हात कष्टाचे काम करायला तयार आहेत. काम करायचे नसते म्हणून माणसे गरीब राहतात, हा समज खोटा ठरला. दुसरा असा की घाईने काढलेल्या कामातून टिकाऊ काही उभे राहत नाही. रस्त्यांच्या कडेला फोडलेल्या खडीचे ढीग वर्षानुवर्षे पडून राहिले. पुढच्या योजनेत पाझर तलाव, नाला बंडिंग, समतल बांध, शेतरस्ते अशा उत्पादक कामांवर जो भर दिसतो, तो या अनुभवातून आला.

दुष्काळ ओसरल्यावर १९७४-७५ पासून रोजगार हमी पुन्हा नीट सुरू झाली. याच सुमारास शेतमजुरांच्या बाजारालाही पहिल्यांदा कायद्याचा आधार मिळाला. पागे यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने शेतमजुरांच्या परिस्थितीचा अभ्यास करून १९७३ मध्ये अहवाल दिला आणि जमिनीच्या प्रतीनुसार भाग पाडून किमान वेतन ठरवावे, असे सुचवले; त्यानंतर राज्यात शेतीतील किमान वेतनाची सुरुवात झाली. ही दोन धोरणे एकाच विचाराची दोन अंगे होती. नुसता किमान वेतनाचा दर जाहीर केला तर तो कागदावर राहतो, कारण गावात पर्याय नसलेल्या मजुराला मालक देईल तेच घ्यावे लागते. सरकारी कामावर ठरलेला रोज मिळण्याची खात्री असेल, तरच शेतावरचा रोज वर सरकतो.

पैसा कुठून आणायचा, याचे उत्तर महाराष्ट्राने शहरांत शोधले. महाराष्ट्र व्यवसाय कर कायदा १ एप्रिल १९७५ पासून लागू झाला आणि त्याचे उत्पन्न रोजगार हमीसाठी राखून ठेवण्यात आले. त्याच्या जोडीला मोटार वाहनांवरचा, शहरांतल्या बिगरनिवासी मालमत्तांवरचा, बागायती जमिनीवरचा व जमीन महसुलावरचा जादा कर. या सगळ्या जमेइतकीच रक्कम राज्य सरकार आपल्या तिजोरीतून घालणार. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून कापलेला पैसा हदगावच्या नाल्यावर मजुरी म्हणून पोचू लागला. आजही महाराष्ट्रातल्या बहुतेक नोकरदारांच्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कराची कपात दिसते. तिचा उगम या योजनेत आहे, हे फारच थोड्यांना माहीत असते. कर लागू झाला तेव्हा मुख्यमंत्रिपदी शंकरराव चव्हाण होते, म्हणजे नांदेडचाच माणूस. त्याआधीचे पाटबंधारे खाते आणि मराठवाड्यातील धरणे यांमुळे ते अधिक ओळखले जातात.

योजनेला कायद्याचे बळ नंतर मिळाले. महाराष्ट्र रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये विधिमंडळात संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. जगात कुठेही ग्रामीण माणसाला काम मागण्याचा असा कायदेशीर हक्क तोवर क्वचितच दिला गेला होता. दुष्काळ संहितेने शंभर वर्षे जो क्रम चालवला तो या कायद्याने उलटा केला. आता टंचाई जाहीर होण्याची वाट पाहायची नव्हती. १८ वर्षांवरील कोणाही प्रौढाने, बाई असो की पुरुष, गावात नाव नोंदवून काम मागितले की १५ दिवसांत काम देणे सरकारवर बंधनकारक झाले. काम शक्यतो घरापासून ८ किलोमीटरच्या आत द्यायचे, ठेकेदार नेमायचा नाही, खर्चाचा किमान ६० टक्के वाटा अकुशल मजुरीवर गेला पाहिजे, बायांना व पुरुषांना सारखाच दर; कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली आणि लहान मुलांसाठी पाळणाघर असले पाहिजे. काम देता आले नाही तर बेकारी भत्ता, दिवसाला किमान १ रुपया.

हक्क कायद्याच्या कलमात असतो, पण तो बजावायचा असतो तहसील आणि पंचायत समितीच्या दारात. मजुराने आधी ग्रामसेवकाकडे नाव नोंदवायचे. मग काम हवे तेव्हा नमुन्यातल्या अर्जावर मागणी करायची आणि तारखेची पोच घ्यायची. १५ दिवस मोजले जातात ते त्या तारखेपासून. पोच नसेल तर मागणी झालीच नाही, आणि मागणी झाली नसेल तर बेकारी भत्त्याचा प्रश्नच येत नाही. यंत्रणेच्या दृष्टीने म्हणूनच सर्वांत सोपी पळवाट कामे नाकारण्याची नसून अर्ज न स्वीकारण्याची होती. शिवाय नवे काम सुरू करण्यासाठी एका ठिकाणी किमान ५० मजूर हवेत, अशी अट होती. मोठ्या गावात ती सहज पुरी व्हायची. तांड्यावर किंवा वाडीवर दहा-पंधरा जणांनी काम मागितले तर त्यांना दूरच्या कामावर जावे लागे किंवा घरी बसावे लागे. योजनेचा इतिहास वाचताना आकडे खूप दिसतात, पण हक्क पोचला की नाही हे ठरले ते या छोट्या कागदावर. जिथे मजुरांची संघटना होती, जिथे शंभर-दोनशे बायाबापड्या तहसीलवर मोर्चा घेऊन जात आणि पोच घेतल्याशिवाय उठत नसत, तिथे योजना नीट चालली. जिथे मजूर एकटा गेला, तिथे तो बहुधा रिकाम्या हाताने परतला.

काम मिळाल्यावर मजुरी कशी ठरे, हेही समजून घ्यायला हवे, कारण त्यावर सर्वाधिक भांडणे झाली. रोज नव्हे, तर मापाप्रमाणे दर असे. नाला बंडिंगच्या कामावर एकेका टोळीला चौकोनी खड्डा आखून दिला जाई. पुरुष टिकाव-फावड्याने खणायचे, बाया घमेल्याने माती बांधावर वाहायच्या. माती मऊ आहे की मुरूम, मुरूम मऊ की कठीण, की खडक लागला, यावर घनमीटरचा दर बदले. माती किती लांब वाहून नेली आणि किती उंचावर टाकली, यालाही वेगळा दर असे. ‘लीड’ आणि ‘लिफ्ट’ हे शब्द याच कामामुळे निरक्षर बायांच्या तोंडी बसले. खड्ड्याच्या मधोमध न खणलेला एक छोटा उंचवटा मुद्दाम राखून ठेवत, म्हणजे मूळ पातळी कळून खोली मोजता येई. आठवड्याच्या शेवटी कनिष्ठ अभियंता येऊन टेप लावी, मोजमाप पुस्तिकेत आकडे भरी आणि हजेरीपटावरील नावांवर मजुरी वाटली जाई. अभियंता उशिरा आला आणि मधल्या काळात पाऊस पडून खड्डा बुजला, तर आठवड्याचे कष्ट मातीमोल होत. कठीण मुरुमाला मऊ मुरुमाचा दर लागला, तर टोळीचा रोज निम्म्यावर येई. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, खोटी नावे घालून पैसे उचलणे हा भ्रष्टाचाराचा एक भाग. मापात होणारी ही लूट त्याहून कमी बोलली गेली आणि मजुराला जास्त लागली.

तरीही १९७५ ते १९८८ हा या योजनेच्या भराचा काळ होता. १९७९-८० मध्ये राज्यात २० कोटींहून अधिक मनुष्यदिवसांचे काम झाले. कामावरच्या मजुरांत बायांचा वाटा मोठा होता, अनेक ठिकाणी निम्म्याच्या आसपास. शेतावर बाईला पुरुषापेक्षा कमी रोज देण्याची रीत सर्वत्र होती. हमीच्या कामावर माप सारखे आणि दर सारखा, त्यामुळे तिच्या हाती प्रथमच स्वतःच्या नावाची मजुरी आली. नवऱ्याने टाकलेली किंवा विधवा बाई, जिला शेतमालक काम द्यायला नाखूष असे, तिला इथे कोणी अडवू शकत नव्हते. गावातल्या सत्तेच्या उतरंडीत हा बदल छोटा दिसत असेल, पण तो खरा होता.

बागायतदार आणि मोठे शेतकरी यांचा योजनेकडे पाहण्याचा दृष्टिकोन दुहेरी होता. पाझर तलावामुळे त्यांच्या विहिरींना पाणी वाढले, शेतरस्ते झाले, बांधबंदिस्ती झाली. हा लाभ जमीनधारकांनाच मिळाला, भूमिहीनांना फक्त मजुरी. म्हणून त्यांचा पाठिंबा होता आणि त्यामुळेच योजना राजकीयदृष्ट्या टिकली. पण निंदणीच्या किंवा वेचणीच्या दिवसांत हमीचे काम चालू असले की मजूर मिळत नाहीत, रोज वाढवून मागतात, सालगडी ठरत नाही, ही तक्रार तेव्हापासून आजवर सुरू आहे. मजुराच्या बाजूने पाहिले तर हीच योजनेची कमाई होती. तक्रार वाढली याचा अर्थ पर्याय उभा राहत होता.

हदगाव तालुक्यात या कामांच्या जोडीला आणखी एक मोठी गोष्ट घडली. पैनगंगेवर इसापूर येथे ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे धरण उभे राहिले आणि कालव्यांचे पाणी तालुक्याच्या काही भागात पोचले. कालव्याखाली आलेल्या गावांत ऊस, केळी, हळद आली आणि मजुरांना वर्षातले जास्त महिने शेतात काम मिळू लागले. कालव्याबाहेरची गावे, डोंगराळ वस्त्या आणि तांडे मात्र कोरडवाहूच राहिले. एकाच तालुक्यात रोजगाराची दोन वेगळी वर्षे सुरू झाली. हमीच्या कामाची गरज ज्यांना अधिक होती, त्या वस्त्या तालुक्याच्या गावापासून लांबच्या, लहान आणि कमी बोलक्या होत्या. ५० मजुरांची अट नेमकी त्यांनाच नडली.

१९८८ मध्ये योजनेच्या मजुरीचे दर जवळजवळ दुपटीने वाढले. शेतीच्या किमान वेतनापेक्षा कमी दर सरकारनेच देणे न्याय्य नव्हते, त्यामुळे वाढ आवश्यकच होती. पण पुढच्या वर्षांत एकूण मनुष्यदिवस झपाट्याने घटले. चांगल्या पावसामुळे मागणी कमी झाली, असे काहींचे म्हणणे. दर वाढल्यावर सरकारने कामेच कमी काढली आणि हमी पातळ झाली, असा इतर अभ्यासकांचा निष्कर्ष. दर वाढूनही निधी त्या प्रमाणात वाढवला नाही तर मागणी कागदावर येण्याआधीच अडवली जाते, हे पाहता दुसरा निष्कर्ष अधिक पटण्याजोगा आहे. १९९० नंतर योजनेचा चेहराही बदलला. जवाहर विहिरी आणि फळबाग लागवड या वैयक्तिक लाभाच्या कामांना रोजगार हमीतून पैसा मिळू लागला. फळबाग लागवडीने राज्यात लाखो हेक्टरवर आंबा, मोसंबी, डाळिंब, बोर उभी राहिली, हे मोठेच यश. मात्र हे काम शेतमालकाच्या बांधावरचे होते. भूमिहीन मजुराने मागितलेले सार्वजनिक काम त्यात मागे पडले. शहरांत व्यवसाय कर गोळा होत राहिला आणि निधीतली मोठी रक्कम खर्च न होता पडून राहिली, ही स्थिती नव्वदच्या दशकापासून विधिमंडळातही वारंवार चर्चेला आली.

महाराष्ट्रात योजना मंदावत असतानाच तिची कल्पना देशभर गेली. संसदेने २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा संमत केला आणि २ फेब्रुवारी २००६ पासून देशातल्या २०० जिल्ह्यांत तो लागू झाला. महाराष्ट्रातल्या पहिल्या १२ जिल्ह्यांत नांदेड आणि हिंगोली दोन्ही होते. म्हणजे हदगाव तालुका पहिल्या दिवसापासून नव्या कायद्याखाली आला. केंद्राची हमी कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांची होती. राज्याने आपला १९७७ चा कायदा दुरुस्त करून त्याच्याशी जोडला आणि १०० दिवसांपुढची जबाबदारी स्वतःकडे ठेवली. अकुशल मजुरीचा पूर्ण खर्च आणि साहित्याचा तीन चतुर्थांश वाटा केंद्राकडून मिळू लागला. कामांची आखणी ग्रामसभेतून व्हायची, किमान निम्मी कामे ग्रामपंचायतीने करायची, आणि गावात ग्रामरोजगार सेवक नावाचा एक नवा माणूस आला. जॉबकार्ड त्याच्याकडून मिळते, कामाची मागणी तो नोंदवतो, हजेरीपट तो चालवतो. मागणीची पोच देणारा हात आता तहसीलऐवजी गावात आला. पण हा सेवक गावातल्या सत्तेच्याच छायेत, तुटपुंज्या मानधनावर काम करतो. त्याच्याकडून निर्भीडपणाची अपेक्षा करायची तर त्याला तसे बळही द्यायला हवे होते.

या काळात तालुक्यात सर्वाधिक मागणी आली ती सिंचन विहिरींना, आणि २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतील पाणंद रस्त्यांना. दोन्ही गरजेची कामे. काळ्या जमिनीत पावसाळ्यात बैलगाडी रुतते, तिथे पाणंद झाली तर शेतमाल वेळेवर बाजारात जातो. विहिरीमुळे दोन एकरांचा कोरडवाहू शेतकरी स्वतःच्या रानात राबू लागतो आणि दुसऱ्याच्या बांधावर जाणे थांबते, म्हणजे विहीर हाही एक रोजगारच. अडचण अशी की काळ्या थराखालचा खडक हातांनी फोडणे अवघड, म्हणून खोदाई यंत्राने होते आणि मस्टरवर मजुरांची नावे येतात. ज्याच्या नावावर पैसे आले तो त्यातला वाटा घेऊन उरलेले परत देतो. काम उभे राहते, लाभार्थी खूश असतो, पण ज्या भूमिहीन घरासाठी कायदा झाला त्याच्या वाट्याला रोजगाराचा एकही दिवस येत नाही.

दुसरी अडचण मजुरीच्या वेळेची. या कायद्यानुसार १५ दिवसांत मजुरी खात्यात जमा व्हायला हवी होती. उशीर झाला तर दिवसाला ०.०५ टक्का भरपाई. प्रत्यक्षात मजुरी अनेकदा महिनोन्‌महिने लांबली. याउलट ऊसतोडीचा मुकादम दसऱ्याच्या आधीच दारात येतो आणि जोडप्याला, म्हणजे एका कोयत्याला, हजारो रुपयांची उचल रोख देतो. ती उचल फेडता फेडता हंगाम संपतो, अंगावर बाकी उरते, मुलांची शाळा बुडते. तरी हातात आधी पैसा येतो. दिवाळीच्या तोंडावर आजारपण, लग्न किंवा सावकाराचा तगादा असलेल्या घराला आधी येणारा पैसाच उपयोगाचा. म्हणून कारखान्यांच्या पट्ट्यात, हैदराबाद-निजामाबादकडे किंवा पुण्याच्या बांधकामांवर स्थलांतर चालूच राहिले. हमीच्या योजनेने स्थलांतर थांबेल ही अपेक्षा पुरी झाली नाही, याचे मूळ कामांच्या कमतरतेइतकेच या उशिरात आहे. राज्याचा मजुरी दर २०२३-२४ मध्ये २७३ रुपये, २०२४-२५ मध्ये २९७ आणि २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होता. पुरुषाला बांधकामावर किंवा हळदीच्या काढणीत याहून जास्त मिळते, त्यामुळे हमीच्या कामावर येणारे मुख्यतः बाया आणि वयस्क माणसे.

हजेरी आणि पगार यांची रीतही पालटली. १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवरची हजेरी मोबाइल ॲपवर दिवसातून दोनदा छायाचित्र काढून नोंदवणे सक्तीचे झाले, आणि १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होऊ लागली. खोटी नावे रोखण्याचा हेतू चांगला. पण डोंगराळ भागात नेटवर्क नसले की सकाळचे छायाचित्र चढत नाही आणि प्रत्यक्ष राबलेल्या मजुराचा दिवस जातो. आधार आणि जॉबकार्डवरच्या नावाचे स्पेलिंग जुळले नाही तर पैसे अडकतात, आणि ते सोडवायला बाईला दोन दिवसांची मजुरी बुडवून तालुक्याला फेऱ्या माराव्या लागतात. पूर्वी अभियंत्याची टेप मजुराला अडवत असे. आता हे पडद्यावरचे खाते अडवते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या जागी ‘विकसित भारत – रोजगार आणि आजीविका हमी अभियान (ग्रामीण)’ हा नवा कायदा संमत केला. त्यात कुटुंबामागे वर्षाला १२५ दिवसांची हमी आहे. पेरणी आणि कापणीच्या काळात वर्षात ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची मुभा राज्यांना दिली आहे. हमीच्या कामामुळे मजूर मिळत नाहीत, ही पन्नास वर्षांची तक्रार अशा रीतीने प्रथमच केंद्रीय कायद्यात उतरली. खर्चाची विभागणीही बदलली: महाराष्ट्रासारख्या राज्यांत मजुरीसह एकूण खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्र देणार आणि ४० टक्के राज्य. मागणी नोंदवल्यापासून १५ दिवसांत काम मिळाले नाही, तर द्यावा लागणाऱ्या बेकारी भत्त्याची जबाबदारी राज्याचीच आहे.